ओळ सत्तेचाळीस, रकाना एकशे बारा

मॉडेलं दोन होती, दोन्ही खरी वाटत होती.
एकात जमिनीखालची काळ्या दगडाची भिंत
पाणी अडवून धरायची,
दुसऱ्यात तीच भिंत
जुन्या माठासारखी पाझरायची.
एकतीस विहिरींची पातळी
दोघंही वीतभराच्या फरकानं बरोबर सांगत.

ऐनापुरे मॅडम म्हणाल्या,
दोघं मान डोलावतात तिथं जाऊन
डिझेल जाळू नका.
भांडतात तिथं जा.
आणि सांगलीच्या त्या कोंदट खोलीत
पडद्यावर, जतच्या पूर्वेला, माळाच्या पार आत
एक चौकोन लाल झाला.

मी एकतीस विहिरींचा नकाशा परत पाहिला.
सगळे ठिपके डांबरी रस्त्याला चिकटलेले,
रसाच्या गाड्यावरच्या माश्यांसारखे.
बारा वर्षं आम्ही तेच मोजत आलो,
जिथं जीप जाते,
जिथं लिंबाची सावली आहे,
जिथला मालक चहा विचारतो.
पाण्याचा म्हणून भिंतीवर टांगलेला नकाशा
निम्मा तरी चहाचा होता.

ओळ सत्तेचाळीस, रकाना एकशे बारा
इथं रस्ता नाही.
मुजावरनं जीप ओढ्यात लावली,
पुढं अर्धा तास वेड्या बाभळी, कुसळं,
पायमोज्यात घुसलेला माळ.
मग डाळिंबाची चार-पाच ओळींची बाग,
विहीर, आणि विहिरीच्या काठावर
कमरेवर हात ठेवून इराव्वा माळगोंडे.

"एवढं मशीन हाय तुमचं,
तर त्यालाच इचारा की
माझ्या हिरीत किती पाणी हाय."
"त्यानंच पाठवलंय," मी म्हणालो.
"त्याला ठाऊक नाही."
ती माझ्याकडं बघत राहिली.
"न्हाई ठाऊक म्हणणारं सरकारी माणूस
आज पयल्यांदा बघतीया."

भिंत अडवत असेल तर सात मीटर.
पाझरत असेल तर एकोणीस.
टेप खाली सोडली. चिरकली.
चौदा पूर्णांक दोन.
मी वहीत लिहायला घेतलं
तशी ती म्हणाली, खोडा ते.
पहाटंपस्तोर मोटर चालली, हीर अजून दमल्याली हाय.
ही तिची खरी पातळी न्हवं.

बारा वर्षांत किती दमलेल्या विहिरी
मी तशाच लिहून घेतल्या असतील.

लाईट रात्री दहाला यायची.
त्या रात्री तिनं मोटर लावली नाही.
बागेची एक पाळी गेली,
त्यावर ती काही बोलली नाही, मीही नाही.
दर अर्ध्या तासानं टेप सोडायची,
ती बॅटरी धरायची, आकडा वाचायची,
कानडीत पुटपुटून मग मराठीत सांगायची.
तेरा तीन. बारा सहा. बारा.
खाली ओढ्यात मुजावरचं घोरणं.
दोन वाजता तिनं भाकरी आणि दाण्याची चटणी दिली.
पाणी भराभर चढत आलं
आणि पहाटे दहा पूर्णांक नऊवर थांबलं,
पुढं तासभर तिथंच.

सात नाही. एकोणीस नाही.
मॅडमनी आकडे भरले
तशी दोन्ही मॉडेलं अडखळली.
भिंत वरून धड असावी, खालून तडकलेली,
असं आता आम्ही धरून चाललोय.
असावी. अजून असावीच.
लाल चौकोन फिकट झाला
आणि पाच ओळी खाली,
ओढा जिथं कर्नाटकाकडं वळतो,
तिथं दुसरा उगवला.

फॉर्मवर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
त्यात आम्ही कायम 'निरंक' लिहितो.
त्या दिवशी लिहिलं:
मोटर रात्रभर बंद. इराव्वा माळगोंडे.
मॉडेलमध्ये हे कुठं भरायचं
ते मॅडमना विचारायचं राहिलंय.
मुजावर विचारतोय, टाकी भरून घेऊ का.